तांदळाच्या दाण्याएवढी गोष्ट

शुक्रवारी रात्री पुण्यातून ट्रॅव्हल्स पकडायची, स्लीपरमध्ये पाय पोटाशी घेऊन झोपायचं आणि पहाटे डोळे चोळत लातूरला उतरायचं. पुण्यात नोकरी करणाऱ्या निम्म्या मराठवाड्याचं वीकेंडचं हेच टाइमटेबल असतं. माझंही आहे. आईबाबा नांदेडला आणि ताई लातूरला. त्यामुळे मी आधी ताईकडे एक मुक्काम टाकते, भाच्याशी दंगा करते आणि मग अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठते.

गेल्या खेपेला सकाळी सकाळी आमचे साडेतीन वर्षांचे युवराज बेसिनपुढच्या स्टुलावर उभे होते. त्याला आपण चिकू म्हणू. खरं नाव छापलं तर मोठेपणी माझ्यावर केस करेल! तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस आणि हातात माझी ओढणी. "मावशी, माझा सिंह बघ!" म्हणत त्याने हा मोठा आ वासला. मी फ्लॅश मारून फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी सवयीने झूम केला.

वरच्या चार पुढच्या दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ. पेस्ट राहिली असेल म्हणून मी बोटाने पुसली. गेली नाही.

ताई बँकेत आहे, दुसरा शनिवार होता म्हणून घरी होती. तिला फोटो दाखवला तर ती काही बोललीच नाही. बोलल्या तिच्या सासूबाई. "दुधाचेच तर दात हायेत की माय. उद्या पडणारच. उगं कशाला लेकराला दवाखान्यात न्यायचं?" झालं, दाजींनी लगेच मान डोलावली आणि पेपरात तोंड घातलं.

ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच विचारलं, "मामासारखं तर नसेल ना गं?"

आता मामाबद्दल सांगायलाच हवं. आमच्या आईचं माहेर किनवट तालुक्यातलं. नांदेड जिल्ह्याचं हे पार टोक. शेजारी रेणुकामातेचं माहूर, पलीकडे तेलंगण. मामा पन्नाशीचा, गोरापान, देखणा, गप्पांचा फड रंगवणारा. पण मोठ्याने हसायची वेळ आली की त्याचा हात आपोआप तोंडावर जातो. त्याच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. लहानपणी आम्हाला ते तंबाखूचे डाग वाटायचे. मामाने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. ते डाग पाण्याचे आहेत.

किनवट भागात जमिनीखाली ग्रॅनाइटच्या जातीचे खडक आहेत. त्यांच्यातलं फ्लोराइड हळूहळू भूजलात उतरतं, आणि या भागातल्या कित्येक विहिरी-बोअरच्या पाण्यात ते प्रमाणाबाहेर सापडलंय. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं आणि दुसरा पर्यायच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्तीचं पाणी लहानपणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर हिरडीच्या आत दात तयार होत असतानाच त्यांचं इनॅमल बिघडतं. हा दंत फ्लोरोसिस. प्रमाण फारच जास्त असेल तर पुढे हाडं आणि सांधेही धरतात. केंद्र सरकारने २००८-०९ मध्ये यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि त्यात नांदेड जिल्हाही आला.

आता अशा घरातल्या मुलीला 'फ्लोराइड' म्हटलं की काय आठवणार? मामाचा तोंडावरचा हात! त्यात आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉरवर्ड फिरत होताच की फ्लोराइड म्हणजे विष आहे, मुलांच्या पेस्टमधून हद्दपार करा. ताईने ते मनावर घेतलं. चिकूचा पहिला दात आल्यापासून तिने शोधून शोधून फ्लोराइड-फ्री पेस्ट मागवली. स्ट्रॉबेरी फ्लेवर, ट्यूबवर डायनोसॉर आणि किंमत आपल्या साध्या पेस्टच्या तिप्पट. आपल्या लेकराला मामासारखं तोंड झाकावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

सासूबाईंचा विरोध पत्करून आम्ही संध्याकाळी घराजवळच्या क्लिनिकमध्ये गेलो. लहान मुलांच्याच दातांच्या डॉक्टर. आधी त्यांनी चिकूला खुर्ची वर-खाली करायला दिली, म्हणजे अर्धी लढाई तिथेच जिंकली. मग हवेच्या छोट्या नळीने त्याचे दात कोरडे केले. दात कोरडा झाला तशी ती पांढरी रेघ आणखीच उठून दिसायला लागली.

"हे फ्लोरोसिस नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ही कीड आहे, अगदी सुरुवातीची. अजून खड्डा पडलेला नाही. म्हणजे ड्रिल नको, फिलिंग नको. हे परत फिरवता येतं."

कीड परत फिरते? माझ्यातली पत्रकार जागी झाली. आपल्याला तर वाटतं की दात एकदा किडला की किडला.

डॉक्टरांनी आधी फरक समजावला. फ्लोरोसिसचे डाग बहुधा डाव्या-उजव्या दातांवर जोडीने येतात, आडव्या ढगासारखे पसरलेले असतात आणि जास्त करून पक्क्या दातांवर दिसतात. कीड सुरू होते ती जिथे ब्रश पोचत नाही तिथे, म्हणजे हिरडीच्या काठाला आणि दातांच्या फटीत. तिथे दात खडूसारखा निस्तेज, पांढरा दिसतो. घरी बसून फोटोवरून ठरवायला जाऊ नका, कारण डॉक्टरसुद्धा दात पुसून, वाळवून, उजेडात बघूनच ठरवतात.

मग ताई बँकेत आहे हे कळल्यावर त्यांनी सगळं प्रकरण पासबुकाच्या भाषेत सांगितलं.

दात म्हणजे खातं. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट जमा असतं. तोंडातले जंतू, त्यातला मुख्य स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, आपण खाल्लेली साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडाचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळून बाहेर पडतात. हे झालं विड्रॉल. मग लाळ हळूहळू ते आम्ल मारते आणि तिच्यातलं कॅल्शियम, फॉस्फेट दातात परत जातं. हे डिपॉझिट. दिवसभर हे चालूच असतं, तुमच्या-माझ्या तोंडातही. विड्रॉल जास्त आणि डिपॉझिट कमी असं महिनोन् महिने चाललं की इनॅमलचा वरचा पापुद्रा शाबूत राहतो, पण त्याच्याखालचा भाग पोकळ, सच्छिद्र होत जातो. तीच ती पांढरी रेघ. त्या वेळी डिपॉझिट वाढवलं तर खातं सावरतं. पापुद्रा फुटून खड्डा पडला, तर मग पेस्टच्या हातात काही राहत नाही.

आणि हे डिपॉझिट वाढवणारा एजंट म्हणजे, ताईला खुर्चीवरच ठसका लागला, फ्लोराइड!

दाताच्या पृष्ठभागावर थोडंसं फ्लोराइड असलं की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट लवकर आत बसतं. शिवाय नव्याने बसलेला भाग आधीपेक्षा चिवट असतो. साधं इनॅमल साडेपाच पीएचला विरघळायला लागतं, फ्लोराइडवालं साधारण साडेचारपर्यंत तग धरतं. जंतूंचा आम्ल बनवण्याचा वेगही कमी होतो. पण यासाठी फ्लोराइड पोटात जायची गरज नाही. ते दातावर हवं, रोज, थोडं थोडं.

"पण डॉक्टर, आमच्या मामाचे दात..." ताईने शेवटी विचारलंच.

डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे हिशोब मांडला. हा हिशोब मी तसाच उतरवून आणलाय, कारण सगळं त्यातच आहे.

१००० पीपीएमची पेस्ट म्हणजे १ ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड. तीन वर्षांखालच्या मुलाला पेस्ट द्यायची तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम. त्यात फ्लोराइड ०.१ मिलिग्रॅम. दोन वेळचं मिळून ०.२. मुलाने सगळं गिळलं तरी एवढंच. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, म्हणजे पाव ग्रॅम. तो चूळ टाकायला शिकलेला असतो, त्यामुळे पोटात जातं त्याहून बरंच कमी. आता दुसरी बाजू. समजा एखाद्या बोअरच्या पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि पोर दिवसाला एक लिटर पाणी पितं. झाले ३ मिलिग्रॅम, सगळे पोटात. तांदळाच्या दोन दाण्यांच्या पंधरा पट. रोज, तेही दात घडत असतानाच्या वयात.

म्हणजे मामाच्या दातांचं आणि चिकूच्या पेस्टचं नाव एक, पण हिशोब पार वेगळा.

अर्थात याचा अर्थ कितीही पेस्ट चालते असा नाही. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाट काढतात ना, ती जवळपास एक ग्रॅम असते. लहान मूल ती दोन वेळा गिळायला लागलं तर ते २ मिलिग्रॅम झालं. आठ वर्षांपर्यंत पक्के दात आत तयार होत असतात, तेव्हा तिथे घोळ होऊ शकतो. म्हणून ट्यूब मुलाच्या हातात द्यायची नाही. पेस्ट मोठ्यांनी लावायची आणि ब्रशही मोठ्यांनीच फिरवायचा.

मग डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

लातूरकरांना पाण्याची गोष्ट काय सांगायची! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर हे. १२ एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा तिच्या दहा वॅगनमध्ये मिळून पाच लाख लिटर पाणी होतं, आणि अख्खा देश टीव्हीवर ते बघत होता. तेव्हा ज्या घरांना जारच्या पाण्याची सवय लागली, त्यातलं एक ताईचं. आता तिच्याकडे आरओ आहे. आरओ पाण्यातलं बहुतेक फ्लोराइड काढून टाकतो. किनवटसारख्या गावात ही चांगलीच गोष्ट. पण चिकूचं काय झालं? पाण्यात फ्लोराइड जवळपास नाही आणि पेस्टमध्ये तर नाहीच नाही. मामाच्या दातांना जे जास्त झालं, ते भाच्याच्या मुलाला मिळालंच नाही. सॉरी, भाचीच्या मुलाला. या नात्यांत मी नेहमी गडबडते.

एवढ्यावर कीड होत नाही. तिला साखर लागते. डॉक्टरांचा पुढचा प्रश्न ताईला जास्त लागला. "रात्री झोपताना काय घेतो?"

ताई घरी पोचते साडेसातला. स्वयंपाक, जेवणं, उद्याचा डबा. चिकूला झोपवायचा शॉर्टकट म्हणजे साखर घातलेल्या दुधाची बाटली. ती तोंडात धरूनच तो झोपतो. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं आणि जंतूंची रात्रभर पार्टी. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असतात, तिथे लाळही भरपूर, म्हणून ते वाचतात. म्हणूनच पांढरी रेघ फक्त वर होती. शिवाय दुपारी आजीबरोबर चहा-बिस्कीट, संध्याकाळी बाबांनी उशिरा आल्याबद्दल आणलेलं चॉकलेट. साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली, हे दाताला जास्त महागात पडतं. दर वेळी नवा विड्रॉल!

ताईचे डोळे भरून आले. आपल्यापैकी ज्या नोकरी करणाऱ्या आया आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "चूक शोधत बसू नका. रेघ दिसली तेव्हा आलात, हेच पुष्कळ लोक करत नाहीत. माझ्याकडे बहुतेक मुलं रात्री रडायला लागल्यावर येतात."

सासूबाईंच्या 'पडणारच की' या मुद्द्यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं. पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत कामाला असतात. दुधाच्या दातांचं इनॅमल पातळ असतं, त्यामुळे कीड मुळापर्यंत भराभर जाते. पोर नीट जेवत नाही, झोपत नाही, आणि पू झाला तर खालच्या पक्क्या दातालाही धोका. दाढ लवकर काढावी लागली तर बाजूचे दात सरकून पक्क्या दाताची जागा खातात. मग बाराव्या वर्षी तारा लावायला पैसे मोजा.

त्यांनी त्याच दिवशी दातांना फ्लोराइडचं वार्निश लावलं. हे ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं चिकट औषध असतं, ते दातावर तासन् तास टिकतं आणि फक्त दवाखान्यातच लावतात. घरासाठी होमवर्क दिलं ते असं. बाटली बंद. दूध कपातून, बिनसाखरेचं, ब्रशच्या आधी. १००० पीपीएमची पेस्ट वाटाण्याएवढी, सकाळी आणि रात्री. ब्रश झाल्यावर थुंकायचं, पण पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर जे लावलं तेच धुऊन जातं. आणि तीन महिन्यांनी परत दाखवायचं.

बाहेर पडल्यावर आम्ही समोरच्या मेडिकलमध्ये शिरलो आणि मी मुलांच्या सगळ्या पेस्ट काउंटरवर मांडायला लावल्या. दुकानदार वैतागला, पण मजा आली. तुम्हीही करून बघा. पुढची बाजू विसरा, ट्यूब उलटी करा. भारतात टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड घालायला परवानगी नाही, आणि घातलं असेल तर किती पीपीएम ते ट्यूबवर आणि खोक्यावर छापावं लागतं. मुलांच्या पेस्टमध्ये काहींवर १००० असतं, काहींवर त्याच्या निम्मं आणि काहींवर काहीच नाही. २०१० मध्ये कोक्रेनने मुलांवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यात १००० पीपीएम आणि त्यावरच्या पेस्टचाच कीड रोखायला ठोस उपयोग दिसला. त्याच्या खूप खालच्या पेस्टचा तसा दिसला नाही. कार्टून कुठलंही असो, आकडा वाचा!

फ्लोराइड तीन नावांनी भेटतं. सोडियम फ्लोराइड, स्टॅनस फ्लोराइड आणि सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट. हे तिसरं लांबलचक नाव खडूवाल्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या पेस्टमध्ये दिसतं. साधं फ्लोराइड खडूतल्या कॅल्शियमला चिकटून ट्यूबमध्येच निकामी होतं, म्हणून इथे ते फॉस्फेटला बांधून पाठवतात आणि तोंडातली एन्झाइम्स ते सोडवतात.

बाकी मंडळींची ओळखही करून घेऊ. कॅल्शियम कार्बोनेट आणि सिलिका दात घासतात, फेस आणतं सोडियम लॉरिल सल्फेट. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त, हा आपला गैरसमज. लवंग, पुदिना, कडुनिंब यांनी तोंड छान वाटतं, पण विरघळलेलं इनॅमल भरून काढायचं काम ते करत नाहीत. झायलिटॉल गोड असूनही जंतूंना त्यापासून आम्ल बनवता येत नाही. सीपीपी-एसीपी नावाचं एक क्रीमही मिळतं. दुधातल्या केसिनपासून बनवलेलं हे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाचं संशोधन. ते दातावर कॅल्शियम-फॉस्फेटचा साठा ठेवतं. पण डॉक्टर सांगतील तेव्हा, फ्लोराइडच्या जोडीला, आणि दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी असेल तर अजिबात नाही. नॅनो-हायड्रॉक्सिअॅपटाइट म्हणजे दाताच्याच खनिजाची बारीक भुकटी. जपानमध्ये ती १९८० च्या दशकापासून पेस्टमध्ये आहे आणि तिचे अभ्यास आशादायक आहेत. तरी फ्लोराइडच्या पाठीशी कित्येक दशकांचा जो पुरावा आहे, तेवढा अजून तिच्या मागे नाही. आणि हो, ट्यूबच्या शेपटीवरचा तो रंगीत चौकोन? काळा म्हणजे केमिकल, हिरवा म्हणजे नॅचरल, हे साफ खोटं आहे. कारखान्यातल्या मशीनला ट्यूब कुठे कापायची ते कळावं म्हणून ती खूण असते.

दुसऱ्या दिवशी नांदेडला पोचले तर योगायोगाने मामा आलेला. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका द्यायला. मी उत्साहाने सगळी स्टोरी ऐकवली. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं खरं हाय. पण मग माझा एकबी दात आजवर किडला नाही, ते कामून?"

आणि मी चाट पडले. कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका डेंटिस्टला नेमका हाच प्रश्न पडला होता.

१९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट कोलोरॅडो स्प्रिंग्जला प्रॅक्टिस करायला आला. तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग, अगदी मामासारखे. तो पुढे वर्षानुवर्षं त्याचा माग काढत राहिला. त्यात त्याच्या लक्षात आलं की या डागाळलेल्या दातांना कीड मात्र कमी लागते. संशय पाण्यावर होता, पण पाण्यात काय ते सापडेना. १९३१ मध्ये अॅल्युमिनियम कंपनी ऑफ अमेरिकाच्या चर्चिल या रसायनतज्ज्ञाने ते शोधलं. फ्लोराइड! मग प्रश्न उलटा झाला. डाग पडणार नाहीत पण कीड थांबेल, असं प्रमाण कुठलं? त्यातून १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मोजून फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली आणि १९५० च्या दशकात फ्लोराइडची टूथपेस्ट बाजारात आली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडची टूथपेस्ट थेट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

म्हणजे आपल्या बेसिनवरची पेस्ट ही मामासारख्याच माणसांच्या दातांवरून सुचलेली आहे. हे त्याला सांगितलं तेव्हा तो खुश झाला. "म्हणजे आमच्यामुळंच म्हण की!" म्हणाला आणि हसला. हात तोंडावर गेलाच. पन्नास वर्षांची सवय ती.

पण मामाच्या दातांचा मोह कुणी धरू नये. त्याचं निभावलं. फ्लोरोसिस जास्त असेल तर इनॅमलला खड्डे पडतात, तुकडे उडतात आणि तिथे कीडही सुखाने राहते. त्यामुळे तुमचं गाव किनवटकडचं असेल, मूल सुट्टीत किंवा कायमच आजीकडे राहून बोअरचं पाणी पीत असेल, तर आधी ते पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ही तपासणी होते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून ते आणखी दाट होतं. रिपोर्टमध्ये आकडा जास्त आला तर पाणी बदला आणि पेस्ट किती, कुठली हे डॉक्टरांना विचारा. पाण्याचा राग पेस्टवर काढू नका, आमच्या ताईसारखा.

तीन महिन्यांनी परत लातूरला गेले तेव्हा चेकअप नुकताच झाला होता. रेघा पूर्ण गेल्या नव्हत्या. पण खडूसारख्या दिसत होत्या त्या आता काचेसारख्या चकाकत होत्या. डॉक्टर म्हणाल्या, आतला भाग भरत आला की वरून असा गुळगुळीत, टणक होतो. हलकी खूण कदाचित दात पडेपर्यंत राहील, राहू दे. ड्रिल लागलं नाही, चिकू रडला नाही. सासूबाईंनी अजून काही कबूल केलेलं नाही, पण दुपारच्या चहात बिस्कीट बुडवायचं थांबलंय असं कळतं.

बाटली सोडवायला मात्र आठ रात्री लागल्या. त्या आठ रात्रींबद्दल ताई आणि दाजी दोघंही बोलायला तयार नाहीत.

आणि रात्री मी हौसेने ब्रशवर पेस्ट लावायला गेले तर युवराज स्टुलावरून ओरडले, "मावशी, थांब!" पळत स्वयंपाकघरात गेले, मुठीतून एक हिरवा वाटाणा घेऊन आले, ब्रशशेजारी धरून बघितला आणि मान हलवली.

"जास्त झालं!"

फ्रीजवर चिकटवा

• पहिला दात आला की ब्रश सुरू. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वाटाण्याएवढी.
• ट्यूबवर १००० पीपीएम आहे का ते बघा. एक्स्पायरी डेटही तिथेच असते.
• दिवसातून दोनदा ब्रश. रात्रीचा सगळ्यात शेवटी, त्यानंतर फक्त पाणी.
• थुंकायचं, चूळ नाही. ट्यूब मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.
• सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश तुम्ही करून द्या, किंवा निदान शेजारी उभे राहा. मोबाइल बाजूला ठेवून!
• महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ उचलून हिरडीच्या काठाशी बघा. पांढरी रेघ दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.